सातव्या प्रकरणावर अडकलेला वर्ग

ती. बद्रीमामांस,

पुंडलिकनगरहून कैलासचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सिल्लोडच्या डॉक्टरांचं औषध मध्येच सोडू नका. तुम्ही आमच्या शाळेच्या चौकशी समितीचे अध्यक्ष आहात आणि चौकशी माझीच आहे, तरी हे पत्र भाच्याचं समजून वाचावं. (समिती नेमताना हेडसर मला म्हणाले, सगळे आपलेच आहेत. तेव्हापासून मला धाकधूक आहे.)

झालं असं, की नववीला मी एक कादंबरी वाचून दाखवत होतो. गावातला एक मुलगा घरी सांगतो की मी मुलगी आहे, आणि घर सोडतो. पुंजारामभाऊ नावाच्या पालकांनी तक्रार दिली. एकच तक्रार, चहावर मिटली असती. पण हेडसर नियमाचे पक्के. आक्षेप नेमका कशावर घ्यायचा हे पालकांना कळावं म्हणून त्यांनी आक्षेपार्ह पानांच्या गठ्ठाभर झेरॉक्स काढून पालकसभेत वाटल्या. सगळे वाचायला लागले. मग मागून एक आजी म्हणाल्या, "पुढचं पान कुठंय? त्या लेकराला मायनं घरात घेतलं का नाय?" पुंजारामभाऊ उठले, "व्हय, ते कळल्याबिगर आक्षेप कसा घ्यावा?" हेडसर इतके घाबरले, की पुस्तक जप्त करून त्यांनी तुमच्याकडं धाडलं आणि निकाल लागेपर्यंत मला त्यातलं अवाक्षरही काढायला बंदी केली. निकाल विरुद्ध गेला तर माझी नोकरी जाईल.

वर्ग सातव्या प्रकरणावर अडकलाय. कादंबरीतली ती पोरगी परत येऊन दारात उभी आहे, आई आत, कडी लावलेली. मुलांनी पैजा लावल्यात. वर्गातली एक मुलगी मात्र (नाव विचारू नका, अहवालात जाईल) वर्ग रिकामा झाल्यावर थांबते आणि विचारते, "सर, आईनं कडी काढली का?" केस बारीक कापून मुलासारखी राहते म्हणून घरी तिच्याशी कुणी धड बोलत नाही. तिच्यापुढं गप्प बसणं मला फार जड जातं.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कैलास

ता. क. पुस्तक तुमच्याकडून मामींकडं गेलंय आणि त्या दुपारी गल्लीतल्या बायकांना जमवून वाचून दाखवतात, असं कळलं. निकाल काय तो द्या, पण शाळेची ती एकच प्रत आहे. बायकांचं झालं की एसटीनं पाठवा.

आणखी एक. पत्र पाकिटात घालायच्या आत वर्गातली ती मुलगी पुन्हा येऊन गेली. मी बंदी मोडली. सांगितलं, आईनं कडी काढली आणि आधी विचारलं, जेवलीस का. तिनं डोळे पुसले आणि घरी गेली. मामींना ठाऊक असेलच, कादंबरीत कडी निघत नाही. तेव्हा पुस्तक इतक्यात पाठवू नका.