नंबर सतराची वही

३ नोव्हेंबर

पुन्हा तेच वाक्य! आता पिशवीवर. सरांच्या पुस्तकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून विभागात आज सगळ्यांना कापडी पिशव्या वाटल्या. त्यावर छापलंय — "खिडकीतून रस्ता दिसतो. घर दिसत नाही, ते बरे आहे." खाली बारीक अक्षरात : नंबर सतरा. ऐंशी वर्षांपूर्वी चौथीतल्या एका पोरीने निबंधाच्या वहीत लिहिलेलं वाक्य, आणि आता त्यातून लोक टोमॅटो आणणार. शिसारी आली मला. तरी पिशवी घेतली. पीएचडीच्या पाचव्या वर्षी गाइडला नको म्हणायची हिंमत कुणात असते?

सरांचं सगळं नाव त्या एका वहीवर उभं आहे. मुलींची एक जुनी शाळा बंद पडली, तिचं दप्तर आमच्या कॉलेजच्या तळघरात येऊन पडलं, त्यात सरांना ती सापडली. वर नाव नाही, फक्त इयत्ता आणि हजेरी नंबर. पोपटपंचीच्या शाळेतही एका मुलीचा स्वतःचा आवाज कसा फुटला, असं त्यांचं पुस्तक. माझा प्रबंध त्याच वर्गाच्या बाकीच्या एकतीस वह्यांवर. म्हणजे सरांच्या फोटोची काच पुसायचं काम.

आज भाषणात म्हणाले, "ती मुलगी मला रोज भेटते." आणि टेबलावरची बिस्किटं संपवली.

६ नोव्हेंबर

दिवसभर तळघर. एका बाजूला पुरुषांचं स्वच्छतागृह, दुसऱ्या बाजूला फुटक्या बाकांचा ढीग, मधे आपलं संशोधन. वहीचं पान उलटलं की बोटाला काळं लागतं. तेच बोट विसरून नाकाला लावलं, सतरा शिंका. (मोजल्या नाहीत. पण हल्ली सगळं सतराच वाटतं.)

एकतीस वह्या, एकतीस पोरी, आणि सगळ्यांचा निबंध एकच. "आमची शाळा सुंदर आहे. आमच्या बाई प्रेमळ आहेत." एकीने तर दोनदा लिहिलंय — पान उलटताना कुठवर आलो ते विसरली असेल. फळ्यावरून उतरवलेलं दुसरं काय होणार? जिवंत आहे ती फक्त सतरा नंबरची.

सरांना सांगितलं तर खूश. "बघितलंस? प्रतिभा म्हणतात ती ही." चेहरा असा, जणू प्रतिभा त्यांचीच.

१३ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय.

सिनॉप्सिसच्या सेमिनारला तक्ता हवा म्हणून वह्यांतल्या लाल शाईच्या खुणा मोजत होते. बाकीच्या पोरींचं कसं — आज पाच चुका, उद्या अकरा, परवा पुन्हा सहा. पोरंच ती. नंबर सतराच्या पहिल्या निबंधात नऊ. दुसऱ्यात आठ. मग सात, सहा. नवव्यात एक, दहाव्यात शून्य. जिना उतरावा तशा चुका उतरल्यात. कुठलं पोर असं सुधारतं?

मग जे पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते आज केलं. मूळ हजेरीपट काढायला लावला. इतके दिवस मी सरांनी टाइप करून दिलेल्या यादीवर काम करत होते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणे! हजेरीपट दुसऱ्या कपाटात असतात. त्याची किल्ली कपाटकाकांकडे — तळघराची राखण करणारे गृहस्थ, साधी टाचणी मागितली तरी सही घेतात. आज कुरकुरत उघडलं.

चौथीचा वर्ग. नंबर सतरा. सात जुलैला तांबड्या रेघेने नाव खोडलंय. शेरा : शाळा सोडली.

वहीतला पहिला निबंध ऑगस्टमधला आहे. शेवटचा फेब्रुवारीतला.

मग लिहीत कोण होतं?

१६ नोव्हेंबर, रविवार

घरी गेले. आई मटार सोलत होती. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून आता निवृत्त. मला कुणाशी तरी बोलायचंच होतं, म्हणून मोबाइलवर वहीचे फोटो दाखवले. आईने चष्मा लावला, चार पानं सरकवली आणि म्हणाली, "अगं, ही तर तपासणीची वही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? साहेब तपासणीला यायचे ना, त्यांना दाखवायला एक वही लागायची. जूनमध्ये पोर कसं होतं आणि बाईंनी त्याला कुठे नेऊन ठेवलं ते दिसायला हवं. खरी पोरं अशी कुठली शहाण्यासारखी सुधारायला? मग बाईच लिहायच्या. शाळा सोडून गेलेल्या पोराचा नंबर घ्यायचा, म्हणजे साहेबांनी उभं कर म्हटलं तर आज आजारी आहे सांगता येतं. डाव्या हाताने लिहायचं, उजव्या हाताने तपासायचं."

"तूसुद्धा?"

"सात लिहिल्या असतील." आणि हसायला लागली. हसता हसता मटार सांडले. "तुझ्या सरांना पंचवीस वर्षांत एकही मास्तरीण भेटली नाही का गं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाच वर्षं धूळ खाल्ली, आणि उत्तर स्वयंपाकघरात बसलं होतं. मला मात्र हसू आलं नाही. सगळं फसवं वाटलं — ती वही, ते पुस्तक, माझी पाच वर्षं. साहेबांना खूश करायला कुण्या बाईने रचलेलं सोंग, आणि आम्ही त्यावर टाचणं काढत बसलोय.

आईला म्हटलं, "लाज नाही वाटली लिहिताना?"

ती मटार गोळा करत राहिली. म्हणाली, "साहेब काही वाचायचे नाहीत. लाल शाई मोजायचे नुसते."

१८ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. हजेरीपटाचा फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी पाहिला न पाहिल्यासारखा केला, चहा मागवला, खिडकी लावली.

"पुरावा?"

"हा हजेरीपट, सर. आणि चुकांचा तक्ता. शिवाय माझी आई —"

"तुझ्या आईचा अनुभव हे साधन होत नाही." किती मऊ आवाजात! मग म्हणाले, "मुली पुन्हा शाळेत येतही असत. नोंदी राहून जातात. हवं तर परिशिष्टात एक ओळ टाक." थोड्या वेळाने : "अकरा डिसेंबरला सेमिनार आहे ना तुझा? ही शेवटची मुदतवाढ. जूनमध्ये विभागात एक जागा निघतेय, ठाऊक आहे ना? हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस?"

जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी येऊन आधी डोकं धुतलं.

१९ नोव्हेंबर

परिशिष्टात एक ओळ टाकली. मग खोडली. मग पुन्हा टाकली. थू माझ्यावर.

२४ नोव्हेंबर

हजेरीपटाची नीट प्रत हवी म्हणून पुन्हा तळघरात. पानं उलटताना शेवटी पुठ्ठ्याच्या आत अडकलेली एक पिवळी चिठ्ठी निघाली. कपाटकाका लगेच ओरडले, "ती काढायची नाही! कपाटातली वस्तू कुणी पाहिली, त्याची चिठ्ठी आतच राहते. नियम आहे."

चिठ्ठीवर सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख. खाली सरांची सही. शेवटच्या अक्षराला तोच तो झोकदार फराटा, जो माझ्या प्रत्येक अर्जावर असतो.

म्हणजे पुस्तक यायच्या आधी एक वर्ष त्यांनी हा हजेरीपट पाहिला होता. हेच पान पाहिलं असणार. दुसरं काय बघायला काढतील? आणि मग मला यादी टाइप करून दिली, किती प्रेमाने, "तुझे कष्ट वाचतील" म्हणून. त्या यादीत सतराव्या नंबरापुढे शेरा नाही.

चूक होणं मी समजू शकते. मीही पाच वर्षं केलीच. पण माहीत असून? मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो काढला आणि तिथल्याच एका फुटक्या बाकावर बसले.

कपाटकाकांनी पाणी दिलं. सही न घेता.

२ डिसेंबर

सेमिनारच्या आधी सहामाही प्रगती अहवाल पूर्ण हवेत. माझे चार राहिलेत — कुणीच वेळेवर भरत नाही, सर सरसकट सही करतात. ऑफिसातल्या क्लार्कबाई म्हणाल्या, "बस इथेच आणि भर. पेन बदल फक्त, एकाच दिवशी लिहिल्यासारखं दिसायला नको."

बसले. निळं पेन, काळं पेन. 'आलेल्या अडचणी' नावाचा एक रकाना असतो. पहिल्या अहवालात पाच अडचणी लिहिल्या. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात एक. चौथ्यात 'निरंक' लिहिलं आणि हात थांबला.

कुठल्या तोंडाने मी त्या बाईला नावं ठेवतेय?

चारही अहवाल देऊन आले. भूक मेली.

११ डिसेंबर

झालं एकदाचं.

समितीत पाच जण. सर मधल्या खुर्चीत, समोर ती पिशवी. कशाला आणली होती कोण जाणे. मी परिशिष्टातली ओळ उचलून पहिल्या पानावर आणली होती. वाचली — नंबर सतराची वही कुठल्याही विद्यार्थिनीने लिहिलेली नाही, ती वर्गशिक्षिकेने तपासणीसाठी तयार केलेली बनावट वही आहे. मग तक्ता दाखवला. हजेरीपट दाखवला. चिठ्ठी दाखवली नाही. माझ्या पर्समध्ये होती तिची प्रत, हात गेलाही होता. सर तेव्हा पाणी पीत होते आणि पेला दातांवर वाजत होता. नाही काढता आली. ही दया की भित्रेपणा, मला ठरवता येत नाहीये.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाई म्हणाल्या, "हे फार गंभीर आहे," आणि घड्याळ पाहिलं. निर्णय : विषय नव्याने मांडा, गाइड बदला, पुन्हा समितीपुढे या. म्हणजे आणखी वर्ष तरी गेलं. जूनची जागा गेली. सरांशी बोलणंही गेलं.

सगळे उठल्यावर सर दाराशी थांबले. मला वाटलं शिव्या देतील. तर म्हणाले, "बनावट म्हणतेस. ठीक आहे. साहेबाला दाखवायला 'आमची शाळा सुंदर आहे' एवढं पुरलं असतं. मग त्या बाईने हे वाक्य कुठून आणलं?" बोट पिशवीवर.

या माणसाची इतकी किळस आलेली असताना त्यालाच खरा प्रश्न सुचावा, याचा जास्त संताप आला.

१२ डिसेंबर

झोपून होते. आईचा फोन. सगळं सांगितलं, सरांचा प्रश्नसुद्धा. ती म्हणाली, "रविवारी ये. जेवायलाच ये."

१४ डिसेंबर, रविवार

जेवण झाल्यावर आईने ट्रंकेतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या कपाटातून उचलून आणली. सातातली ही एकच राहिली होती." आणि कपडे वाळत घालायला बाहेर गेली.

इयत्ता तिसरी, हजेरी नंबर बावीस. वर्ष माझ्या जन्माचं. बाबांची तेव्हा दूर बदली झाली होती, आई मला शेजाऱ्यांकडे ठेवून शाळेत जायची — एवढंच मला सांगितलेलं. पाचव्या निबंधाचं नाव 'माझी बाहुली'. डाव्या हाताचं वाकडंतिकडं अक्षर :

"माझी बाहुली फार रडते. तिला कोणाला तरी देऊन टाकावे असे मला वाटते. हे मी कोणाला सांगत नाही. शाळेत मला तिचे रडणे ऐकू येते. शाळा सुटली की मी धावत घरी जाते."

खाली लाल शाईत, आईच्याच उजव्या हाताने — चुका तीन. सुधारणा आहे.