मठाच्या विहिरीवरचा बैल

४ फेब्रु.
आजवर माझ्या हातानं: शेळ्या अकरा. मेंढ्या सात. गाढवं दोन. कोठारात मांजर एक, कान फाटका. विहिरीवर रहाट, त्याला चाळीस गाडगी, चण्याएवढी, भाजलेली. रहाटाला बैल, डोळ्यांवरची झापडं बायको फिलूच्या जुन्या पर्सच्या चामड्याची. विकतचं प्लॅस्टिक एकही नाही.
मॉडेल प्रदर्शनासाठी. इथल्या आखाती किनाऱ्यावरचा ख्रिस्ती मठ, इस्लाम नुकता पोचला तेव्हाचा. संन्यासी शेवटी करीन. दूध, लोकर, पाणी सगळं जनावरांवर. ती नसती तर त्या वाळूत प्रार्थना आठवडाभर टिकली नसती.
शिक्षण दहावी. पण उत्खननाचा रिपोर्ट तीनदा वाचलेला ऑफिसात मी एकटाच.

७ फेब्रु.
मॅनेजर कुरियनसाहेब: "ऊँट किधर है?" म्हटलं, तिथं उंटाचं हाड नाही सापडलं, बैलाची सापडलीत. "अरे बाबा, टूरिस्ट को ऊँट माँगता." ठेवला नाही.
डिलिव्हरी २०ला. माझा इथला राहण्याचा आयडी २८ला संपतो. काम पास झालं तरच रिन्यू. नाहीतर तिघंही वसईला, लेक जेनीची बारावीची परीक्षा अर्ध्यात.

११ फेब्रु.
भोसले ड्रायव्हर, बीडचा, आमच्या उम्म सलालच्या वर्कशॉपवर प्लाय घेऊन आला. भिंतीवरच्या उत्खननाच्या नकाशासमोर थबकला. विहिरीपासून उतरत गेलेला लांब चर. मॉडेलमध्ये मी तो गटार समजून बुजवलेला.
"मिस्त्री, हिरीला लागून गटार कोन काढतंय? ही धाव हाय, मोटंची. आमच्या आज्याच्या हिरीवर अशीच व्हती. बैल उतारानं खाली, पाण्यानं भरल्याली मोट वर."
"आमच्या वसईत रहाटच."
"मंग ह्यो मठ वसईत हाय का?"
हसत गेला.

१२ फेब्रु.
रिपोर्ट चौथ्यांदा. रहाटाच्या गाडग्यांची एक खापरी नाही. चराचा तळ खुरांनी तुडवलेला. स्पष्ट लिहिलंय. तीनदा वाचलं आणि तीनही वेळा बापाच्या वाडीतला रहाटच...

१४ फेब्रु.
चर उकरला. पाया तडकला. दिवस त्यातच गेला.
जेनी: "पप्पा, इट्स जस्ट अ बुल."
फिलू: "तुमच्या बैलापायी आम्ही बॅगा भरायच्या का?"

१७ फेब्रु.
बैलही चुकलाय. गोल फिरणाऱ्याची मान आत वळलेली असते. उतारावर ओढणाऱ्याची खाली, पुढचे पाय ताठ. जुना वाकवून चालणार नाही. नवा करायला पाच दिवस. हातात तीन.

१८ फेब्रु.
मुदत मागितली. साहेब: "बैल की गर्दन कौन देखेगा? गड्ढा भर दो, पहिया अच्छा दिखता है. खलास." मग कागद पुढं केला.
म्हटलं, भोसलेनं पाहिलं एका मिनिटात. आणखी कुणी पाहील.
"फिर मेरे को मत बोलना," म्हणाले.
आल्यावर रहाट उपटला. गाडगी डब्यात, चाळीसच्या चाळीस. नव्या बैलाची तार वाकवली; पुढचे दोन पाय झाले. २०ला काय होईल, माहीत नाही.
फिलूला सांगितलेलं नाही, म्हणून इथं. साहेबांची ऑफर: मॉडेल रहाटासकट द्यायचं, 'सर्व तपशील अचूक' यावर माझी सही. बदल्यात तिघांचे आयडी दोन वर्षांसाठी रिन्यू, वर बोनस. नाही म्हणालो. नऊ हजार रियाल.