आबांच्या खोलीचे कलम

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय एकोणपन्नास, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे आणि डोके ठिकाणावर आहे. डोक्याबाबत पत्नीचे मत वेगळे आहे. तिच्या आग्रहावरून तेही नोंदवले.

१. घर पत्नीचे. फक्त रस्त्याकडची खोली कलम ३ प्रमाणे.

२. रंधे, करवती, पटाश्या मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. ड्रिल मशीन मेहुण्याला. ते नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे, तेव्हा नेण्याचा त्रास नाही.

३. रस्त्याकडची खोली, पलंगासह, आमच्या प्रार्थनागृहाचे धर्मगुरू आबा यांना हयातभर. अर्ध्या गावाची लग्ने त्यांनी लावली, उरलेल्या अर्ध्याला शेवटचा निरोप दिला. आता प्रार्थनेला आम्ही चौघे. त्यातले एक गृहस्थ पंख्यासाठी येतात. विश्वस्तांनी इमारत व्यायामशाळेला विकली. महिनाअखेरीस आबांची मागची खोलीही जाणार. "मग आबांचं काय?" म्हणून विश्वस्तांना विचारले, तर म्हणाले, "देव आहे की!" देवाने ते काम माझ्याकडे दिले असावे, असे मी धरून चालतो.

घरी राहायला या म्हटले की आबा म्हणतात, "कुणाच्या घरात अडगळ होणार नाही." पण शेवटची इच्छा त्यांनी कुणाचीच मोडलेली नाही. म्हणून हा मार्ग. अट एकच: जेवताना प्रवचन नको.

हे त्याच खोलीत सर्वांसमोर वाचून दाखवले तेव्हा वकीलबाईंना हसू आवरेना. "अहो, आबा ब्याऐंशीचे. खोलीसाठी त्यांनी तुमच्या मरणाची वाट बघायची?"

"मला घाई नाही," आबा म्हणाले. "शेवटची इच्छा आहे, नाही कसं म्हणू?" आणि पन्नास वर्षे लग्नाच्या कागदांवर सह्या करायच्या सवयीने त्यांनी पेन ओढून साक्षीदाराच्या जागी झोकदार सही ठोकली.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आबा! खोली गेली!"

आबांचा चेहरा पडला. मी नुसता पेनाचे टोपण शोधत राहिलो.

मग पत्नी म्हणाली, "आबा, आमच्या लग्नाचे साक्षीदारही तुम्हीच. या माणसाला माझ्या गळ्यात बांधून तुम्ही मोकळे झालात! आता या आणि अर्धा तुम्ही सांभाळा. गादी सकाळीच उन्हात टाकलीय."

आबांनी पलंग हाताने दाबून पाहिला. मग म्हणाले, "प्रवचन जेवणानंतर चालेल?"

"भांडी पुसता पुसता करा."

४. कलम ३ रद्द. आबा आजच राहायला आले. अट कायम.

साक्षीदार: आबा (खोलीत राहणारे), शेजारचा शिंपी
सही: सुतार
स्थळ: रस्त्याकडची खोली, पलंगाच्या कडेवर
दिनांक: चौदा, महिनाअखेरीला भरपूर अवकाश