एक नंबर कोणाचा

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार
साहेबांची किळस आली. आणि त्यांच्यापुढे बसून टाइप करणाऱ्या माझीही.

ऑफिस सुटायच्या वेळी त्यांनी बोलावलं. ‘प्रभावतीबाई, क्लबची यादी घ्या.’ अर्जुनराव साहेब आमच्या कारखान्याचे मॅनेजर, आणि मोटरसायकल शर्यतींच्या क्लबचे सेक्रेटरीही. क्लबचा नियम सोपा आहे. मागच्या हंगामात ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याच्या गाडीवर या वर्षी एक नंबर. दुसऱ्याला दोन. असं दहापर्यंत. बाकीच्यांना फॉर्म येतील तसे.

साहेब म्हणाले, ‘एक — रणधीर.’ रणधीर त्यांचा पुतण्या. माझी बोटं थांबली. ‘साहेब, एक नंबर भीमराजचा आहे. त्याचे बासष्ट गुण. रणधीर चौथे आहेत.’

‘त्याचा फॉर्म उशिरा आला. सतरा द्या त्याला.’

फॉर्म मीच घेतला होता. मुदतीच्या तीन दिवस आधी. शिक्काही मीच मारला. तरी टाइप केलं. तीन कार्बन घालून.

४ नोव्हेंबर, बुधवार
केबिनमध्ये दिवसभर नंबरांचा बाजार. एकाच्या वडिलांना नऊच हवा, ज्योतिष्याने सांगितलाय. दुसऱ्याला मोटारीच्या नंबराशी जुळणारा. तेरा कोणालाच नको, तो नाशिकच्या नवख्या पोराच्या माथी मारला. तो इथे नव्हता ना!

आणि साहेब हसत हसत वाटतायत. नियमांचं पुस्तक चहाच्या किटलीखाली. वर ओला गोल डाग.

५ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी. राहवलं नाही, बसने मोशीला गेले. नदीकडच्या पडीक रानात भीमराज सराव करतो हे माहीत होतं. आमच्याच कारखान्यात ड्रिलवर असतो, टेंपररी. दर सात महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवतात, मग पुन्हा घेतात. सहा वर्षं हेच. गाडी जुनी, दिवे काढून टाकलेली. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगाने सतरा काढत बसला होता.

म्हटलं, ‘तुमचा नंबर एक आहे. माझ्याकडे गुणांचा तक्ता आहे.’

मान वर न करता म्हणाला, ‘सतरा नंबरबी पळतो की, ताई.’

‘तुम्हाला काहीच वाटत नाही?’

‘ऱ्हाऊ द्या.’

परतताना त्याचाही राग आला. ज्याच्यावर अन्याय होतो तोच इतका गुळमुळीत कसा?

९ नोव्हेंबर, सोमवार
मुंबईला, सगळ्या क्लबांच्या मुख्य मंडळाला पत्र लिहिलं. गुणांचा तक्ता, फॉर्मवरच्या शिक्क्याची तारीख, सगळं जोडलं. रजिस्टर केलं. खाली सही केली, पण माझं नाव क्लबला कळवू नये असंही लिहिलं. तेवढी भित्री आहेच मी.

१० नोव्हेंबर, मंगळवार
जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार
मुंबईचं पत्र आलं. मीच फोडलं. एक नंबर भीमराजला द्या, नाहीतर शर्यतीची परवानगी रद्द.

साहेबांनी दोनदा वाचलं. चेहरा काळा पडला. ‘हे कोणाचं काम, ते मला बरोबर माहीत आहे,’ म्हणाले. पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. नवी यादी सांगितली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

‘एक — भीमराज’ टाइप करताना बोटं अशी चालली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा या नोकरीची लाज वाटली नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार
शर्यत. धुळीने डोळे भरले, पण मी दोरीपाशीच उभी. भीमराज पहिला आला. पाचव्या फेरीत रणधीर चढावर पडला, तेव्हा मला आनंद झाला. हेही किळसवाणंच, पण झाला.

भीमराजने हात वर केला नाही. गाडी ढकलत कडेला आला. मी धावत जाऊन सांगितलं, ‘मुंबईला पत्र मी लिहिलं होतं.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग रुमालाने तोंड पुसलं आणि गेला. दमला असेल.

२४ नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळी कारखान्याजवळ, भोसरीच्या बसस्टॉपवर भीमराज उभा होता. कालपासून त्याला गेटच्या आत घेत नाहीत.

म्हणाला, ‘एक नंबर मीच सोडला व्हता, ताई. फॉर्म उशिरा दिला आसं लिहूनबी दिलं व्हतं. त्याच्या बदली साहेब मला परमनंट करणार व्हते. ऑर्डर तयार व्हती. पत्र मीच धाडलं आसं त्यांना वाटतंय.’

माझी बस आली, ती मी जाऊ दिली.

‘भिऊ नका. मी तुमचं नाव घेतलं न्हाई.’