टाकीतलं मीठ

३ मार्च १९६९
चिंचवडच्या कारखान्यात पाणी देण्याचं खातं माझ्या हाती आलं! पाणी देणं म्हणजे भट्टीतला लालबुंद शाफ्ट टाकीत बुडवून कडक करणं. ते काम नवाबभाई करतात. वीस वर्षांचे कारागीर. आज पाहतो तर टाकीत अर्धं पोतं मीठ ओतताहेत! शाफ्टला एवढी कुणाची दृष्ट लागली? मोहऱ्या-मिरच्याही मागवाव्यात म्हणतो.

५ मार्च
मीठ बंद. लेखी हुकूम! टाकी धुऊन साधं पाणी भरलं.
नवाबभाई म्हणाले, "साहेब, लाल लोखंडाला पाणी आधी शिवतच न्हाई. मदी वाफेची चादर ऱ्हाती. मीठ ती फाडतंय."
बुडवलेल्या लोखंडाला पाणी लागत नाही म्हणे! मी हसलो. मी हसलो म्हणून खातंही हसलं.

६ मार्च
गुरुवार, सुट्टी. सांगवीला मामाकडे मटण. चादरीचा किस्सा सांगितला. मामाला हसता हसता ठसका लागला.

११ मार्च
एकशे चाळीस शाफ्ट तपासणीतून परत आले. मधेमधे मऊ डाग! मॅनेजर यशवंतराव गरजले, "कुणाचं काम हे?"
मी लेखी दिलं — कारागिराचा निष्काळजीपणा. माझ्या हुकमाची प्रत फाइलमधून माझ्या खिशात आली. हुशार माणूस आहे मी.

१४ मार्च
नवाबभाईंना काढलं. डबा उचलून एवढंच म्हणाले, "शाफ्ट पाण्यात सोडल्यावर बगा तरी एकदा, साहेब."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च
बघितलं. साध्या पाण्यात शाफ्ट सोडला — भोवती वाफेचं चकचकीत कवच, आत लोखंड लालच! एका बाजूने कवच फाटलं, तिथे पाणी चर्रकन भिडलं. दुसऱ्या बाजूला वाफ ठाण मांडून बसली. मऊ डाग नेमका तिथेच.
मग मीठ घातलं. दुसरा शाफ्ट सोडला. कवच धरायच्या आतच सगळीकडून तुटलं. कडकपणा मोजला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा.
पुस्तकं वाचून आलेला गाढव मी, आणि घरी बसले नवाबभाई. लाज वाटते. उद्या यशवंतरावांना सगळं सांगणार. हुकमाच्या कागदासकट.

१६ मार्च
दोन्ही शाफ्ट दाखवले. यशवंतरावांनी पाठ थोपटली, "वा राव! काय शोध लावलात!"
नवाबभाईंचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि म्हणालो — थँक यू, सर.