शिस्तीत पडलेले सूत्रकृमी

३ मार्च
दादा हॉस्पिटलमध्ये. कोबीवर विषारी औषधं फवारून फवारून छाती गेली त्याची. पुन्हा पंप पाठीला लावलात तर आमच्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण अळ्या रोपं बुडापासून कुरतडतायत. म्हणून दादाने सूत्रकृमी मागवलेत. डोळ्यांना जेमतेम दिसणारे जंत. अळीच्या पोटात शिरून तिला आतून संपवतात, विष लागतच नाही. जबाबदारी माझ्यावर. मी मुळात मॅनेजमेंटचा माणूस.

४ मार्च
पाकीट आलं. दादा फोनवर म्हणाला, जिवंत आहेत ते, फ्रीजमध्ये ठेव आणि लवकर वापर. मी थेट फ्रीजरमध्ये ठेवलं. थंडी मानवते तर हात का आखडायचा? उद्या पहाटे सोडणार. संकल्प पक्का.

६ मार्च
दोन्ही पहाटा हुकल्या. अलार्मचा दोष. दुपारी निघालो तर वहिनी आडवी आली. म्हणे, उन्हात मरतील, भावजी, संध्याकाळी सोडा. संध्याकाळी माझा वॉक असतो!

८ मार्च, संध्याकाळ
वॉक सोडला. त्याग म्हणतात तो हा. पाकीट विटेसारखं कडक. कोमट पाण्यात विरघळवलं. वहिनीने एक थेंब भिंगाखाली धरला. म्हणाली, हे हलत नाहीत हो, जिवंत असले तर वळवळतात. मी पाहिलं. सगळे काडीसारखे सरळ. शिस्त! वळवळ करणाऱ्यांनी आजवर कुठलं काम तडीस नेलंय? झारीने रोपांच्या बुडाशी ओतलं.

९ मार्च
सकाळी आणखी रोपं आडवी. मरणारी अळी शेवटचं पोटभर खाते. हे मला आत्ताच सुचलं, पण पटण्यासारखं आहे.

११ मार्च
दादाचा फोन. अळ्या मरतायत का रे? म्हटलं, पटापट. तो म्हणाला, सुटलो बघ, तो पंप भंगारात घालून टाक. मला गहिवरून आलं. भंगारवाला आला तेव्हा नेमका माझा डोळा लागला होता.

१४ मार्च
माती उकरली. अळी सापडली. गुटगुटीत. वहिनी दुकानदाराशी बोलून आली. गोठले की मरतात म्हणे. पाकिटावर तसं छापलंय. अक्षर फार बारीक. नवं पाकीट यायला वेळ लागेल. वहिनी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च
दादा घरी आला. चप्पलही न काढता शेतात गेला. परतून पलंगावर बसला. मी म्हटलं, अशा गोष्टींचा रिझल्ट लाँग टर्म असतो. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. कदाचित ॲसिडिटी.

१८ मार्च, सकाळ
दादाने माळ्यावरून पंप काढला. नवं पाकीट येईतो एक रोप उरणार नाही, म्हणाला. वहिनी रडली, हातापाया पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, भावजी, निदान तुम्ही तरी मारा. माझी कंबर धरलीय. शिवाय त्या वासाने डोकं उठतं. दादाने भरलेला पंप एकट्याने पाठीवर घेतला. म्हणजे तब्येत बरीच सुधारली म्हणायची.

थोड्या वेळाने
वास आत येतोय. खिडकी लावून घेतली.
खोकला तरी ऐकू येतोच.