अडकणारं चित्र

१० नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा चित्र अडकलं. भट्टीतला जाळ जागच्या जागी — हलत नाही, विझत नाही. पोरगा बिरदेव गादीवर पाठमोरा, तोही तसाच. मी मोबाईल पुसला, हलवला, दारात नेला. दारात नेला की नेटच जातं! परत आत येऊन बघतो तर गादी रिकामी. मधल्या वेळात काय झालं कोणाला ठाऊक?

बायको, सुलाबाई, म्हणते, "दिसभर त्या मोबाईलात काय डोळं घालून बसताय? पोरगं काय कुकुलं बाळ हाय व्हय?"

नाही, चाळिशीला आलंय. पण काम सोन्याचं. आणि गाव परकं — तामिळनाडूतलं सेलम. आमच्या भागातली निम्मी पोरं अशीच देशभर गलाईला गेली आहेत. सराफाकडचं जुनं सोनं आणायचं, भट्टीत गाळायचं, ॲसिडनं साफ करून चोख करून परत द्यायचं. आमच्या घराण्यात सगळे मेंढरांमागे फिरले, हा पहिला भट्टीपुढे बसला. स्वतःचं दुकान केलं. दोन कॅमेरे बसवले — एक आत, छतावरून, भट्टी आणि गादी दिसेल असा. दुसरा दारावर, रस्ता दिसेल असा. दोन्ही माझ्या मोबाईलात जोडून दिले. "आबा, आता घरी बसून राखन करा," म्हणाला.

हसत म्हणाला. मी मात्र हसण्यावारी नेलं नाही.

११ नोव्हेंबर

बाहेरच्या कॅमेऱ्यात एक माणूस. रस्त्यापलीकडे एका बंद शटरपाशी उभा. काल होता. मला वाटतं त्याआधीही होता. तोंड दिसत नाही, नुसते चौकोन चौकोन. पण बघतो तो आपल्याच दुकानाकडे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुलाबाईच्या बटणाच्या फोनला अंगणात रेंज येते. तिथून बिरदेवला लावला. सगळं सांगितलं.

"आबा, रस्ता हाय तो. मानसं हुबी ऱ्हानारच की."

"रोज तोच माणूस?"

"तुमास्नी त्वांड तरी दिसतंय का त्याचं?"

खरंच दिसत नाही. बिरदेवचा आवाज बसल्यासारखा वाटला. जेवलास का विचारलं, तर "व्हय व्हय." दुकानातच आहेस का, तर "मग कुठं असनार?" आणि फोन बंद.

अर्धं आयुष्य मी माळावर मेंढरं राखली. लांडगा पहिल्या दिवशी कधी कळपात शिरत नाही. लांब टेकाडावर उभा राहतो. बघतो. निघून जातो. दुसऱ्या दिवशी जरा जवळ. कुत्री किती, राखणारा डुलकी कधी घेतो, मेंढरांभोवतीच्या वाघरीचं जाळं कुठे सैल आहे — सगळं नीट बघून घेतो. हा माणूस तसा उभा राहतो. एका पायावर भार देऊन. घाई नाही त्याला.

१४ नोव्हेंबर

नेटवाल्या सूरजला बोलावलं. तो खांबावर चढला, वायर तपासली, मग आत येऊन तो पांढरा डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. हा डबा नेट घेतलं तेव्हा त्यांनीच फुकट दिलेला.

"आबा, लाईन झ्याक हाय. तुमचा राउटर म्हातारा झालाय."

"माझ्यावानी?"

"तुमी बरं हाय त्याच्यापरास! तुमी निदान बोललेलं ऐकता."

सुलाबाई खो खो हसली. तिला हसायला काय जातं!

सूरजच्या पिशवीत एक काळा राउटर होता, चार शिंगांचा. "लावू का आत्ताच?" म्हणाला. खोक्याची पट्टी आधीच फाडलेली. कुणाकडून काढून आणला असेल, काय सांगावं? नको म्हणालो. घ्यायचा तर सांगलीहून, पावती घेऊन, खात्रीचा.

सूरज गेल्यावर सून पल्लवी आली. "कशाला आबा नवा? हाय त्यात भागतंय की. उगं दिसभर त्यांच्या दुकानाकडं बघत बसायचं अन्..." तिने पुढचं गिळलं.

ती दसऱ्यापासून इथेच आहे. तिकडचं पाणी बाधतं म्हणते. इथल्या पाण्यावरही बारीकच होत चालली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. कुलूप दिसतं. तरी तो माणूस आला होता. बंद दुकानाकडे बघत उभा!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बिरदेव फोन उचलत नाही. शेवटी दुकानातल्या फोनवर लावला. जयराजने उचलला. हा उंब्रजचा पोरगा, बिरदेवने कारागीर म्हणून नेलेला. पुढे भागीदार करून घेतला. हुशार आहे. बोलायला गोड.

"बिरदेव कुठाय?"

"बाहीर गेल्यात आबा. सराफकट्ट्यावर."

त्याला त्या माणसाचं सांगितलं. तो हसला. "आसंल कोन तरी रिकामटेकडा."

"रिकामटेकडा न्हवं बाबा. पाळत हाय ती. उद्या काय इपरीत झालं तर? त्याला तितनं हाकल. दोन गडी घे अन् हाकल."

"तुमीच सांगताय म्हनल्यावर हाकलतो की! तुमी बिनघोर ऱ्हावा आबा."

फोन ठेवल्यावर जीव जरा भांड्यात पडला. बिरदेव भोळा आहे, पण जोडीला असा माणूस आहे हे बरं.

१९ नोव्हेंबर

चित्र अडकत अडकत आलं, पण मी पाहिलं. दुकानातून दोघे बाहेर पडले. रस्ता ओलांडला. मग चित्र थांबलं. पुन्हा हललं तेव्हा तो माणूस खाली पडलेला. एकाने त्याला काखेत धरून उभं केलं आणि ढकललं. पुन्हा थांबलं. नंतर रस्ता मोकळा.

बरं झालं! सुलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मारू नगा म्हनावं पर. कुनाचं तरी लेकरू आसंल."

पल्लवी भाकरी थापत होती. तिने विचारलं, "लय लागलं का त्याला?" चोराची एवढी चौकशी कशाला?

२० नोव्हेंबर, गुरुवार

परत आला आहे. त्याच शटरपाशी. आता उभा राहत नाही, पायरीवर बसतो.

मार खाऊनही जो परत येतो त्याच्या मनात काहीतरी पक्कं असतं. मला घास गेला नाही. एकदा त्याचं तोंड नीट दिसलं पाहिजे. म्हणजे फोटो काढून तिकडच्या पोलिसांना देता येईल. पण या डब्यात माणसाचं तोंड म्हणजे पिठाचा गोळा! आतल्या कॅमेऱ्याचंही तेच. बिरदेवसुद्धा मला तोंडावरून ओळखू येत नाही, गादीवरून ओळखतो. गादीवर मी दिलेली घोंगडी दुमडून टाकलेली आहे. त्यावर मालकच बसतो, भागीदारही नाही. बाकीचे खाली बसतात, चहासुद्धा खाली बसून पितात. गलाईच्या दुकानाची रीतच ती. म्हणून पाठ दिसली तरी कळतं — बिरदेव जागेवर आहे.

उद्या सांगली गाठायची.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कुंडलवरून जाणारी एसटी मिळाली. एका खाजगी दुकानात शिरलो तर तिथल्या पोरीने सगळ्यात महागाचा डबा पुढे केला आणि माझ्याकडे न बघता मोबाईल बघत राहिली. बाहेर पडलो. मग गणपती पेठेच्या बाजूला आर्जवचं दुकान सापडलं. जैन माणूस, पन्नाशीचा. वडिलांचा फोटो मागे भिंतीवर.

"बसा की ओ आजोबा. आधी पाणी प्या. घरात माणसं किती, भिंती कसल्या, ते सांगा."

भिंती दगडी, हातभर जाडीच्या. तो म्हणाला, "मग शिंगं मोजू नका. शिंगं दाखवायला असतात." राउटरला दोन पट्टे असतात म्हणे. एक वेगवान, पण भिंतीला अडतो. दुसरा जरा हळू, पण भिंतीतून पार जातो. आपल्याला दोन्ही असलेला हवा. मधल्या खोलीत, उंचावर, उघड्यावर ठेवायचा. कपाटात नाही, टीव्हीच्या मागे नाही, पत्र्याच्या पेटीवर तर मुळीच नाही. आमचा आजवर पेटीवरच होता!

"लाईट गेली तर?"

"त्याला ही बारकी बॅटरी जोडायची. दोन-तीन तास ओढते."

"बंद पडणार नाही याची हमी देता?"

"मशीनची देतो आजोबा, तीन वर्षं. वाडीपर्यंतच्या वायरीची मी कशी देऊ?"

हे ऐकून माझा विश्वास बसला. सगळ्याची हमी देणाऱ्यावर माझा बसत नाही.

तरी म्हणालो, आधी चालवून दाखवा. त्याने तोच राउटर दुकानात सुरू केला, माझा मोबाईल जोडला. काय सांगू! जाळ खरोखर हलत होता. सोनं वितळवायच्या मुशीच्या कडा दिसत होत्या. घोंगडीचा काळा काठ दिसत होता. गादी मात्र रिकामी. सराफाकडे गेला असेल.

मग बाहेरचा कॅमेरा. तो पायरीवर बसलेला. गुडघ्यांत डोकं. वर बघेना. केस विसकटलेले, एक चप्पल तुटलेली. आर्जवही वाकून बघत होता.

"कोण हो हा? लई थकलेला दिसतोय."

"चोर," मी म्हणालो.

"चोर असा बसतो होय?"

मी कितीतरी वेळ मोबाईल धरून राहिलो. त्याने डोकं वर केलंच नाही. एसटीची वेळ झाली. खोकं काखेत घेऊन निघालो. आर्जव दुकान नोकरावर सोपवून घरी जायला निघाला होता — दिवस मावळायच्या आत जेवतात ते.

वाटेत एसटीत सारखं तेच डोळ्यापुढे. चोर असा बसतो होय?

२२ नोव्हेंबर

सूरज आला नाही. कुठेतरी लग्नाला गेलाय. खोकं तसंच.

दुपारी पल्लवी जवळ येऊन बसली. "आबा, ते खोकं परत द्या. घेतील ती."

"का गं?"

"उगंच. मला भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय. म्हनूनच आनलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलाबाई म्हणते, नवऱ्यापासून लांब राहिली की बायका अशाच होतात. मी बिरदेवला सांगणार आहे, तिला घेऊन जा म्हणून.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी सूरज आला. राउटर मधल्या खोलीत, दारावरच्या फळीवर लावला. हिरवे दिवे. सुलाबाईने हळदकुंकू लावलं. सूरज ओरडला, "आज्जे, भोकांत घालू नगा, गरम झालं तर वारं मिळाया पायजे!"

तोवर तिकडे अंधार. दुकान बंद, रस्ता रिकामा. पण बंद शटरची एक एक पट्टी मोजता येत होती. उद्या माणूसही असाच दिसेल.

बिरदेव गेले दहा दिवस फोनवर बोललेला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चित्र अडकत नाही.

गादीवर जयराज बसला आहे. माझ्या घोंगडीवर, मांडी घालून. खाली बसलेला पोरगा त्याच्या हातात चहा देतो आहे. बिरदेव आत कुठेच नाही.

सुलाबाई अंगणातून बिरदेवला फोन लावत होती, स्पीकरवर. मी बाहेरचा कॅमेरा उघडला. तो माणूस शटरला टेकून उभा होता. त्याने खिशातून फोन काढून कानाला लावला. दाढी वाढलेली, डोळ्याखाली काळंनिळं.

"कुठं हाईस रं बाळा?" सुलाबाई विचारत होती.

त्या माणसाचे ओठ हलले. अंगणातल्या फोनमधून बिरदेवचा आवाज आला, "दुकानात हाय, आये. भट्टीम्होरं."

पल्लवी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सुलाबाईने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "दुकानातच हाय म्हनतोय. दिसतोय का तुमास्नी?"

"व्हय," मी म्हणालो. "आता दिसतोय."